वांगावर अझेलेइक ॲसिड: जळजळ का होते, आणि ट्यूब नीट कशी लावायची

प्रश्न थोडक्यात असा. परभणीजवळच्या एका गावात शिक्षिका असलेल्या ताई रोज स्कूटीवरून शाळेत जा-ये करतात. दुसऱ्या बाळंतपणापासून दोन्ही गालांवर वांगाचे डाग आहेत. हनुवटीवर अधूनमधून पुटकुळ्या येतात आणि त्यांचे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. मेडिकलवाल्याने अझेलेइक ॲसिड 20 टक्के क्रीम दिलं. सकाळ-रात्र लावलं, तर आठवड्यात चेहरा इतका चुरचुरायला लागला की ते बंद केलं. त्याआधी वर्षभर पार्लरमधून घेतलेली एक 'नाइट क्रीम' चालू होती, ती हे क्रीम आणल्यावर सोडली. आता त्या विचारतात, हे औषध मला मानवत नाही असं समजायचं का?

ट्यूब फेकू नका, पण आज रात्रीपासून परत लावायलाही घेऊ नका. या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाची ओळ त्या नाइट क्रीमची आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल.

पार्लरमध्ये, आठवडी बाजारात किंवा मैत्रिणीच्या ओळखीतून मिळणारी, आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळवून दाखवणारी जी क्रीम असतात, त्यांत फार वेळा स्टेरॉइड असतं. डबी किंवा ट्यूब घरात असेल तर त्यावरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सोबत एक स्टेरॉइड असं तिघांचं मिश्रण वांगासाठी डॉक्टर मोजक्या आठवड्यांपुरतं देतात. तीच ट्यूब पुढे जावेला, नणंदेला, शेजारणीला सांगितली जाते आणि वर्षानुवर्षं चालू राहते. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही काउंटरवर मागितली की मिळतात. लेबलच नसलेल्या डब्यांचा धोका आणखी मोठा, कारण अशा क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि पारा मूत्रपिंडाला इजा करतो.

वर्षभर स्टेरॉइड लावलेली त्वचा पातळ झालेली असते. ते थांबवलं की काही दिवसांत चेहरा लाल होतो, तापतो, साधं पाणी लागलं तरी चुरचुरतो आणि पुटकुळ्या एकदम उसळतात. भारतातले त्वचारोगतज्ज्ञ याला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस', म्हणजे स्टेरॉइड क्रीमने बिघडलेला चेहरा, म्हणतात. ताईंनी नाइट क्रीम सोडली आणि त्याच आठवड्यात 20 टक्के अझेलेइक दोन्ही वेळा सुरू केलं. ही जळजळ बरीचशी स्टेरॉइड सुटल्याची असावी, आणि त्यावर नव्या औषधाची भर पडली. अशा वेळी बहुतेक जणी घाबरून परत जुन्या क्रीमकडे वळतात. दोन दिवसांत चेहरा शांत होतो आणि तीच क्रीम चांगली होती असं वाटायला लागतं. ते करू नका, कारण पुढच्या वेळी ती सोडताना त्रास आणखी वाढलेला असतो.

आता निदान चार ते सहा आठवडे चेहऱ्यावर तीनच गोष्टी लावा: साबण नसलेला सौम्य फेसवॉश, सुगंध नसलेलं साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. लाली फार असेल, पू भरलेल्या पुटकुळ्या उठल्या असतील किंवा चेहरा सुजला असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. या काळात लागणारी औषधं आणि गोळ्या असतात, आणि स्टेरॉइड एकदम सोडायचं की उतरत्या मात्रेने, हेही चेहरा बघूनच ठरतं. साधं मॉइश्चरायझर लावल्यावर चुरचुरणं पूर्ण थांबलं की त्वचा सावरली असं समजा. अझेलेइकची पाळी त्यानंतर.

हे औषध नेमकं काय करतं ते कळलं की त्याच्याकडून काय मागायचं तेही कळतं. अझेलेइक ॲसिड गहू, बार्ली, राय या धान्यांत असतं, आणि आपल्या त्वचेवर राहणारी मॅलासेझिया नावाची बुरशीही ते तयार करते. छाती-पाठीवर शिबं येतात ती याच बुरशीमुळे. शिबं आलेली जागा फिकी का दिसते, याचा शोध घेताना इटलीतल्या संशोधकांचं लक्ष या आम्लाकडे गेलं आणि त्यातून हे औषध निघालं. त्वचेचा रंग बनवण्यासाठी टायरोसिनेज नावाचं विकर लागतं, त्याला ते अडवतं. त्याचा जोर प्रामुख्याने अवाजवी काम करणाऱ्या रंगपेशींवर चालतो, नेहमीच्या पेशींवर फारसा नाही. म्हणून डाग फिके होतात, पण मूळचा सावळा रंग गोरा होत नाही. गोरं होण्यासाठी कुणी हे आणत असेल तर पैसे वाया जातील. शिवाय ते पुटकुळ्यांच्या जंतूंना आवरतं, रंध्रांच्या तोंडाशी साचणाऱ्या पेशी कमी करतं आणि लाली, सूज उतरवतं. पुटकुळी आणि तिचा मागे राहिलेला डाग या दोन्हींवर एकच औषध चालतं, हा आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला मोठा फायदा आहे. आपल्याकडे पुटकुळी आठ दिवसांत जाते आणि डाग सहा महिने छळतो.

आता लावायची रीत. सुरुवात फक्त रात्री आणि एकाआड एक रात्र. चेहरा धुवा, टॉवेलने टिपा, घासू नका. मग दहा-पंधरा मिनिटं थांबा. ओलसर त्वचेवर हे क्रीम जास्त झोंबतं, आणि पहिल्या आठवड्यातल्या बऱ्याच तक्रारी एवढ्या थांबण्याने मिटतात. नाकाच्या बाजूच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांखालची पातळ जागा इथे आधी व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. पहिले दोन आठवडे मॉइश्चरायझर आधी लावा, पाच मिनिटांनी त्यावर अझेलेइक लावा. परिणाम किंचित मंद होईल, पण औषध टिकेल. त्वचा रुळली की क्रम उलटा करा.

किती घ्यायचं? पूर्ण चेहऱ्यासाठी बोटाच्या पेरावर अडीच सेंटिमीटर लांबीची रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. दोन्ही गाल, कपाळ, हनुवटी असे छोटे ठिपके द्या आणि पातळ पसरवा. फक्त डागावर टिंब ठेवल्यासारखं लावू नका. वांगाच्या कडा डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा पुढे गेलेल्या असतात, म्हणून त्या भागावर सगळीकडे हात फिरला पाहिजे. या हिशेबाने 15 ग्रॅमची ट्यूब रोज रात्री एकदा लावून महिनाभर जाते, दोन वेळा लावली तर पंधरा दिवस. तुमची ट्यूब आठवड्यात संपत असेल तर तुम्ही थापताय. तीन महिने पुरत असेल तर औषध पोचतच नाहीये, आणि मग 'काही फरक पडला नाही' हे वाक्य ठरलेलं.

दोन आठवडे एकाआड एक रात्र निभावली की पुढचे दोन आठवडे रोज रात्री. त्यानंतर चेहरा शांत असेल तर सकाळीही. कागदोपत्री मात्रा दिवसातून दोनदा अशी असली तरी रोज रात्री एकदा, न चुकता, सहा महिने लावलेलं औषध हे दोनदा लावून पंधराव्या दिवशी सोडलेल्या औषधापेक्षा कितीतरी जास्त काम करतं. फार नाजूक त्वचा असेल तर पहिले आठ-दहा दिवस वीस मिनिटं ठेवून धुवून टाका, मग हळूहळू वेळ वाढवा.

सुरुवातीला मुंग्या चावल्यासारखं होणं, खाज सुटणं हे या औषधाचं नेहमीचंच आहे. अर्ध्या तासात ते विरत असेल आणि सकाळी चेहरा ठीक दिसत असेल तर चालू ठेवा, दोन ते चार आठवड्यांत जातं. सकाळपर्यंत लाली राहिली, कातडी सोलली, ताणल्यासारखी झाली तर तीन-चार दिवस पूर्ण बंद करा, फक्त मॉइश्चरायझर लावा आणि परत एकाआड एक रात्रीवर या. पापण्या सुजल्या, पित्त उठल्यासारख्या गांधी आल्या, पाणी सुटलं तर ती ॲलर्जी असू शकते, तेव्हा कायमचं बंद करून डॉक्टरांकडे जा. दम्याच्या रुग्णांत क्वचित श्वासाचा त्रास वाढल्याच्या नोंदी आहेत, म्हणून दमा असेल तर डॉक्टरांना तसं आधी सांगा. जळजळ म्हणजे औषध लागू पडतंय, ही समजूत चुकीची आहे आणि आपल्या त्वचेला महागात पडते. सावळ्या त्वचेत आग झाली की तिथे नवा काळा डाग उमटतो. म्हणजे डाग घालवायला आणलेलं औषधच, रेटून लावलं तर, डाग वाढवतं.

सनस्क्रीनशिवाय वांगावरचा कोणताही उपचार टिकत नाही. अझेलेइकमुळे त्वचा उन्हाला जास्त हळवी होते असं नाही, सकाळीही ते लावता येतं. पण वांग मुळात उन्हावर पोसतं, आणि आपल्याकडचं ऊन साधं नाही. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढे जातो, ऑक्टोबरची उष्णता वेगळीच, आणि सकाळी नऊला निघून पाचला परतणाऱ्या माणसाला दोन्ही वेळचं ऊन तोंडावर येतं. एसपीएफ 30 ते 50 आणि पीए (यूव्हीए किरणांपासून संरक्षणाची खूण) तीन किंवा चार प्लस असलेलं सनस्क्रीन घ्या. प्रमाण: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ, चेहरा आणि मानेसाठी. निघण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. दुपारच्या सुट्टीत एकदा आणि घरी निघताना एकदा परत लावा. सकाळी लावलेलं दुपारी घामाबरोबर गेलेलं असतं.

वांग असणाऱ्यांनी जमल्यास त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन निवडावं. वांगाला अतिनील किरणांबरोबर डोळ्यांना दिसणारा उजेडही चिथवतो, आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. वर्गात खिडकीशी बसत असाल तर काचेतूनही काही किरणं आत येतात, म्हणून शाळेत सावलीत असते हे कारण पुरत नाही.

स्कूटीवर बांधायचा स्कार्फ चांगलाच, पण तो सनस्क्रीनच्या जोडीला हवा. उजेडाकडे धरून पाहा. आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार जातं. दाट विणीचा सुती घ्या, गालावर करकचून आवळू नका आणि रोज धुवा. घामट, धुळीने भरलेला स्कार्फ हनुवटीवर घासला की तिथेच पुटकुळ्या येतात. घाम पदराने किंवा स्कार्फने खसाखस पुसण्याची सवय सोडा, टिपा. घासण्याने रंग गडद होतो. कापूस वेचणीला किंवा खुरपणीला जाणाऱ्या बायकांनी रुमालावर रुंद काठाची टोपी घालावी, कपाळ आणि गालाचं हाड त्यानेच झाकलं जातं. चुलीसमोर, भट्टीसमोर तासन्‌तास बसणाऱ्यांचं वांग उष्णतेनेही चिघळू शकतं.

पाण्याचाही विषय आहे. बोअरचं जड पाणी आणि अंगाचा साबण एकत्र आले की चेहऱ्यावर न जाणारा थर बसतो, त्वचा कोरडी ताणलेली वाटते आणि त्यावर अझेलेइक झोंबतं. म्हणून वर साबण नसलेला फेसवॉश सांगितला. दिवसातून दोनदा धुणं पुरे. टँकरच्या दिवसांत सकाळी नुसत्या पाण्याने, रात्री फेसवॉशने, एवढंही चालतं.

सोबत काय लावावं, काय नको? पहिला महिना दुसरं काहीच नको. सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, ग्लायकोलिक सीरम, स्क्रब, पील-ऑफ मास्क सगळं कपाटात ठेवा. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट चेहऱ्यावर कधीच नको. महिन्यानंतर नायासिनमाइड 4-5 टक्के चालतं, व्हिटॅमिन सी सकाळी चालतं. पुटकुळ्या जास्त असतील तर डॉक्टर सकाळी अझेलेइक आणि रात्री ॲडापॅलीन अशी जोडी देतात. ती चांगली आहे, पण दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करू नका, नाहीतर त्रास कशाचा हे कळणारच नाही. थ्रेडिंग, वॅक्सिंगच्या आधी आणि नंतर दोन-तीन दिवस अझेलेइक बंद. चेहऱ्याचं ब्लीच या उपचाराच्या काळात टाळाच. दाढी करणाऱ्यांनी दाढी सकाळी आणि औषध रात्री असा वेळ वाटून घ्यावा, आफ्टरशेव्ह बंद ठेवावं.

लग्नसराईतली एक नेहमीची गडबड: लग्न तीन आठवड्यांवर आल्यावर ट्यूब आणली जाते. एवढ्यात डाग जात नाहीत, उलट हळदीच्या दिवशी चेहरा लाल, सोललेला असतो आणि हळद झोंबते. लग्न ठरलं असेल तर चार-पाच महिने आधी सुरू करा. ते जमलं नसेल तर सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझरवर भागवा.

10 टक्के, 15 टक्के की 20 टक्के? 15 टक्के जेल आणि 20 टक्के क्रीम यांत आकडा बघून फसू नका, जेलमधून औषध त्वचेत जास्त मुरतं. तेलकट चेहरा आणि उन्हाळा असेल तर जेल, कोरडी त्वचा आणि थंडी असेल तर क्रीम. 10 टक्क्यांची सीरम सौम्य असतात, सुरुवातीला ठीक. त्यांतली काही सिलिकॉनवर बनलेली असतात आणि वर सनस्क्रीन चोळलं की पांढरे रवे निघतात. अशा वेळी थर पातळ करा, दहा मिनिटं थांबा आणि सनस्क्रीन चोळण्याऐवजी थापटून लावा. ऑनलाइन पावडर मागवून घरी गुलाबपाण्यात कालवण्याच्या भानगडीत पडू नका. अझेलेइक पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे कुठे जास्त लागतं, कुठे अजिबात नाही. ट्यूब 30 अंशांखाली ठेवायची असते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, खिडकीत किंवा स्कूटीच्या डिकीत ती राहिली तर क्रीम फुटतं, पाणी वेगळं होतं. माठाजवळचा गार कोपरा किंवा फ्रीजच्या दाराचा कप्पा चालेल, फ्रीझर नको.

फरक कधी दिसेल? पुटकुळ्या चार आठवड्यांनी कमी व्हायला लागतात, नीट बदल बारा आठवड्यांनी. पुटकुळ्यांचे डाग तीन-चार महिने घेतात. वांगाला सहा महिने धरून चाला. आरशात रोज बघून काही कळत नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, फिल्टर न लावता फोटो काढा. वांगाचे डाग निळसर-राखाडी दिसत असतील तर रंग खोल गेलेला असतो, तिथे सुधारणा कमी आणि उशिरा होते. डाग फिके झाल्यावरही एकदम थांबू नका, आठवड्यातून तीन-चार रात्री चालू ठेवा आणि सनस्क्रीन रोज. वांग परत येणाऱ्यांपैकी आहे, विशेषतः पहिल्याच उन्हाळ्यात.

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना रेटिनॉइड (ट्रेटिनॉइन, ॲडापॅलीनसारखी औषधं) आणि हायड्रोक्विनोन टाळतात, तेव्हा अझेलेइक हा सुरक्षित मानला जाणारा पर्याय आहे. त्वचेतून रक्तात फार थोडं जातं. तरी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि बाळाचं तोंड लागेल अशा जागी लावू नका. ताई गर्भनिरोधक गोळ्या घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगावं, त्या गोळ्यांनी वांग वाढू शकतं. वांगासाठी ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या कुणाचं ऐकून सुरू करू नका. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका तपासूनच त्या देतात.

हनुवटी-जबड्याच्या पुटकुळ्यांसोबत पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर केस वाढत असतील तर पीसीओएसची (अंडाशय आणि हार्मोनच्या विकाराची) तपासणी करून घ्या, नुसत्या क्रीमने त्या थांबणार नाहीत. मान आणि काखा मखमलीसारख्या जाड, काळ्या झाल्या असतील तर तो मळ नाही आणि वांगही नाही. साखर आणि वजन तपासा. कपाळाच्या मधोमध किंवा भांगाशी काळेपणा असेल तर कुंकू, टिकली, केसांचा डाय यांची ॲलर्जी आधी बघावी लागते. टिकलीच्या गोंदाने पडलेला पांढरा डाग, किंवा स्पर्श न कळणारा फिका चट्टा यांवर अझेलेइक लावून वेळ घालवू नका. बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो, त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते आणि ती लवकर व्हायला हवी.

परभणीहून नांदेडचं विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय किंवा संभाजीनगरची घाटी, सगळीकडे त्वचारोग विभाग आहे. जाताना आतापर्यंत लावलेली प्रत्येक ट्यूब, डबी, अगदी रिकामी असली तरी, पिशवीत घालून न्या. ती पार्लरची क्रीम लाजून घरी ठेवू नका. तिच्यावरची अक्षरं वाचता आली तर डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं.